दोरीवरचा कुत्रा दुसऱ्या कुत्र्यावर का धावतो?



तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस आज कुत्र्यांवर बोलणार हे वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. पण विषय गंमत म्हणून निवडलेला नाही. मुलुंड घ्या, घाटकोपर घ्या, बोरिवली किंवा अंधेरी घ्या; सकाळी सहाला नाहीतर रात्री अकराला खाली उतरून बघा. एका हातात कुत्र्याची दोरी, दुसऱ्या हातात पिशवी, समोरच्या वळणावरून दुसरा कुत्रा येतो, आणि इतका वेळ शहाण्यासारखा चालणारा हा प्राणी दोन पायांवर उभा राहून भुंकायला लागतो. दोरी धरणारा माणूस फरफटत पुढे जातो. बऱ्याचदा तो माणूस आपल्या वयाचा असतो. कुत्रा नातवासाठी आणलेला, नातू क्लासला, मुलगा-सून ऑफिसात, म्हणजे फिरवणार कोण? आजोबा. आता पस्तीस किलोच्या लॅब्राडोरने एकदम हिसका दिला आणि आजोबांचा तोल गेला, तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही.

पुढे काय होतं? साधारण तीनपैकी एक. कुत्र्याचं बाहेर जाणं बंद होतं आणि तो उरलेलं आयुष्य सहाशे चौरस फुटांत काढतो. किंवा त्याला मारझोड सुरू होते. किंवा 'गावाला शेतावर देऊन टाकला' असं शेजाऱ्यांना सांगितलं जातं, आणि ते शेत कुठलं हे कुणी विचारत नाही. हे तिन्ही बहुतेक वेळा टाळता येतं, म्हणून आजचं व्याख्यान. आधी हे का होतं ते बघू, मग काय करू नये, मग काय करावं. शेवटी तुमचे प्रश्न.

आधी शब्द नीट करू

मराठीत आपण गळ्यातल्यालाही पट्टा म्हणतो आणि हातातल्यालाही पट्टा म्हणतो. आज सोयीसाठी गळ्यातला तो पट्टा, हातातली ती दोरी, आणि छाती-पाठीवरून बसतो तो हार्नेस.

दुसरा शब्द 'आक्रमक'. "आमचा कुत्रा आक्रमक आहे" असं आपण म्हणतो, तेव्हा साखर गोड आहे तसा आक्रमकपणा त्याचा गुणच आहे असं धरून चालतो. पण हाच कुत्रा एखाद्या मोकळ्या आवारात, दोरी काढल्यावर, चार कुत्र्यांबरोबर नीट खेळतो असा अनुभव अनेकांना येतो. आपल्या न्यायशास्त्रात कारण ओळखायची एक रीत आहे, अन्वय आणि व्यतिरेक. एक गोष्ट असते तेव्हा दुसरी दिसते, ती नसते तेव्हा दुसरीही दिसत नाही, तर त्या दोहोंचा संबंध तपासायला हवा. इथे दोरी असते तेव्हा प्रकार घडतो, दोरी नसते तेव्हा अनेकदा घडत नाही. मग स्पष्टीकरणात दोरी आलीच पाहिजे. एक इशारा देतो: हे तपासायला रस्त्यावर दोरी सोडायची नाही. सगळ्या कुत्र्यांना हे लागू नाही, आणि काही खरोखरच मोकळे असताना जास्त धोकादायक असतात.

दोरी नेमकं काय करते?

हायनी हेडिगर नावाचे एक स्विस प्राणिशास्त्रज्ञ होते. प्राणिसंग्रहालयं चालवता चालवता त्यांनी दोन अंतरं मांडली. एक, पळण्याचं अंतर: परका त्याच्या आत आला की प्राणी दूर सरकतो. दुसरं, निकराचं अंतर: पळायला जागा नसेल आणि परका आणखी जवळ आला, तर तोच प्राणी उलटून अंगावर येतो. कोंडलेलं मांजर अंगावर येतं, हे आपल्या आज्या हेडिगर न वाचता सांगत होत्या. मुद्दा तोच.

आता दोन अनोळखी कुत्री मोकळी असताना कशी भेटतात ते आठवा. सरळ नाकासमोर चालत येत नाहीत. वळसा घेतात, बाजूने येतात, मध्येच जमीन हुंगतात, तोंड फिरवतात, एकमेकांचा वास घेतात आणि निघून जातात. कुणाला नको असेल तर तो लांबून जातो. म्हणजे प्रत्येकाच्या हातात नकार असतो.

आणि आपल्या उपनगरात काय होतं? फूटपाथवर एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ओळीने लावलेल्या रिक्षा नि स्कूटर, मधे तीन फुटांची वाट. दोन्ही कुत्री सरळ समोरासमोर, नजरेला नजर. वळसा घ्यायला जागा नाही, मागे जायला दोरी नाही. त्यात धरणाऱ्याने दुसरा कुत्रा दिसताच दोरी मनगटाला गुंडाळून घट्ट केलेली. तुमच्या हाताचा ताण त्या दोरीतून त्याच्या मानेपर्यंत पोचतो. पळणं आणि लढणं या दोन पर्यायांपैकी एक तुम्ही काढून घेतलात. मग उरतो तो पर्याय तो वापरतो.

दुसरा एक प्रकार आहे. त्यातल्या कुत्र्याला भीती नसते, उलट समोरच्याकडे जायची घाई असते. जाता येत नाही म्हणून तो चिडतो. दारामागे कोंडलेलं पोर बाहेरचा खेळ बघून दार बडवतं, तसं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आपल्याला फरक कळायला वेळ लागतो, पण उपाय बराचसा एक आहे, त्यामुळे काळजी नको.

एकदा घडलं ते सवयीचं कसं होतं? 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' ही म्हण आपल्याला माहीत आहे. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं मानायचं, ही चूक माणसं रोज करतात. कुत्राही करतो. समोरून कुत्रा आला, मी भुंकलो, तो निघून गेला. वास्तविक तो त्याच्या मालकाबरोबर भाजीला चालला होता, जाणारच होता. पण आपल्या कुत्र्याच्या हिशेबी भुंकल्यामुळे तो गेला. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना पेटाऱ्यात ठेवून जे प्रयोग केले, त्यातून हेच दिसलं होतं: ज्या कृतीनंतर सुटका होते, ती कृती पक्की होते. रोज दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन-तीन कुत्री. वर्षभरात हा धडा किती वेळा गिरवला जातो ते तुम्हीच मोजा. म्हणून "वयाबरोबर शांत होईल" असं म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

आणखी एक जोडणी होते, ती आपण करतो. दुसरा कुत्रा दिसला की आपण ओरडतो आणि पट्ट्याला हिसका देतो. आपल्या मनात शिक्षा भुंकण्याला असते. कुत्र्याला मात्र एवढंच कळतं, की दुसरा कुत्रा दिसला की मानेला दुखतं. पाव्हलोव्हच्या कुत्र्यांना ठोक्यांच्या आवाजानंतर खाणं यायचं, म्हणून आवाजानेच लाळ सुटायची. इथे दुसऱ्या कुत्र्यानंतर वेदना येते, म्हणून दुसरा कुत्रा दिसताच अंगावर काटा येतो. यंत्र तेच, उलट्या दिशेने चालवलेलं.

काय करू नये

"त्याला दाखवून द्या मालक कोण आहे" हा सल्ला तुम्हाला बिल्डिंगच्या गेटवर फुकट मिळेल. त्यामागे एक इतिहास आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकत्र कोंडलेले ते लांडगे वरचढपणासाठी भांडत. त्यावरून 'अल्फा'ची कल्पना पसरली, आणि अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. पुढे मेक यांनीच कॅनडाच्या उत्तर टोकाला मोकळे लांडगे अनेक उन्हाळे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं, की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तिथे सत्तेची लढाई शोधणं चूक. आता बघा, कोंडलेल्या लांडग्यांवरून मोकळ्या लांडग्यांबद्दल निष्कर्ष, लांडग्यांवरून कुत्र्यांबद्दल, आणि कुत्र्या-कुत्र्यांमधल्या गोष्टीवरून कुत्रा आणि माणूस यांच्याबद्दल. एका अनुमानात तीन उड्या. परीक्षेत मी याला गुण दिले नसते.

दुसरी गोष्ट, गुरगुरण्याला शिक्षा करू नका. यासाठी महाभारतातली एक जागा सांगतो. उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाईला निघण्याआधी युधिष्ठिर त्याच्याशी बोलतो. राज्यासाठी नातेवाइकांशी लढणं म्हणजे मांसाच्या तुकड्यावरून कुत्र्यांनी भांडणं, असं तो म्हणतो, आणि भांडणाच्या पायऱ्याच सांगतो: आधी शेपूट हलवणं, मग भुंकणं, समोरच्याचं उलट भुंकणं, मागे-पुढे होणं, दात दाखवणं, मोठा आवाज करणं, आणि मग युद्ध. माणसांतही असंच, काही फरक नाही, हेही तो वर सांगतो.

ज्याने हे लिहिलं त्याने कुत्री नीट पाहिली होती. पहिली पायरी शेपूट हलवणं आहे, हे लक्षात घ्या. "शेपूट हलवतोय, काही करणार नाही" हे आपण सर्रास म्हणतो. सैल, अंगासकट हलणारी शेपूट वेगळी, आणि ताठ उंच धरून थरथरणारी वेगळी. आणि दुसरं, युद्धाच्या आधी इतक्या पायऱ्या आहेत, म्हणजे थांबायच्या तितक्या जागा आहेत. गुरगुरणं ही विनंती आहे: लांब राहा. त्यासाठी मार बसला तर कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मधल्या पायऱ्या काढून टाकल्या की तो शेपटीवरून थेट चाव्यावर येतो. मग लोक म्हणतात, काही सूचना न देता चावला. सूचना द्यायची नाही हे त्याला शिकवलेलं असतं.

म्हणून गळा आवळणाऱ्या साखळ्या, काट्यांचे पट्टे, विजेचा झटका देणारे पट्टे नकोत. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ च्या आपल्या निवेदनात बक्षीस देऊन शिकवण्याचीच शिफारस केली आहे, आक्रमक वागणाऱ्या कुत्र्यांसाठीसुद्धा. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली जनावराला मारणं, किंवा अवाजवी आखूड वा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणं, हा गुन्हा आहे.

काय करावं

इथे मला एका बाईंचं नाव घ्यायचं आहे, मेरी कव्हर जोन्स. १९२४ मध्ये त्यांनी पीटर नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका छोट्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. जेमतेम तीन वर्षांचा पोरगा, सशाला घाबरायचा. त्यांनी त्याला आवडीचं खायला बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला, इतका लांब की त्याचं खाणं थांबू नये. मग हळूहळू ससा जवळ. काही काळाने ते पोर सशाला कुरवाळायला लागलं. भीती समजावून जात नाही, मारून जात नाही. भीतीच्या वस्तूशी काही चांगलं, सुरक्षित अंतरावरून, पुन्हा पुन्हा जोडलं गेलं तर ती ओसरते. दोरीवरच्या कुत्र्यासाठी आज जे करतात त्याचा गाभा हाच आहे.

सगळ्यात आधी पशुवैद्याकडे जा. शांत कुत्रा अचानक असा वागू लागला तर दुखणं असू शकतं. खुब्याचे सांधे, कान, दात, म्हातारपणी कमी झालेली नजर. परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे आणि शेजारीच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. उपनगरातून लांब पडतं, पण गुंतागुंतीची तपासणी असेल तर माहीत असलेलं बरं. नसबंदीबद्दल विचारतात. तिचे इतर फायदे आहेत, पण भीतीतून येणारं भुंकणं तिने जात नाही.

मग सामान. पाच-सहा फुटांची साधी दोरी आणि छातीवर कडी असलेला हार्नेस. ओढलं तर कुत्रा आपोआप बाजूला वळतो आणि मानेवर ताण येत नाही. खटका दाबला की लांब होणारी दोरी आपल्या रस्त्यांवर नको. दोरी मनगटाला गुंडाळू नका, कुत्रा पडला तर तुम्हीही पडाल. कमरेच्या पिशवीत खाऊ: उकडलेलं चिकन, शाकाहारी घर असेल तर पनीर किंवा उकडलेलं रताळं, नखाएवढे तुकडे. बेदाणे, चॉकलेट, कांदा कुत्र्याला विषारी, ते कधीच नाही.

पहिला आठवडा घरातच. एक शब्द ठरवा, 'चल मागे' म्हणा किंवा काहीही, आनंदी आवाजात. शब्द उच्चारला की उलट फिरायचं आणि खाऊ द्यायचा. आधी हॉलमध्ये, मग पॅसेजमध्ये, मग बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये. हे इतकं घोटायचं की शब्द कानावर पडताच तो वळला पाहिजे. संकटात नवीन काही शिकवता येत नाही, शिकवलेलंच उपयोगी पडतं.

मग अंतर. आपल्या कुत्र्याला दुसरा कुत्रा दिसतो पण भुंकावंसं वाटत नाही, असं अंतर शोधा. मी रिक्षात मोजायला सांगतो, कारण रिक्षा सगळीकडे असते आणि तिची लांबी अडीच-पावणेतीन मीटर धरता येते. एखाद्याला चार रिक्षांचं अंतर पुरतं, एखाद्याला पंधरा लागतात. ओळखायचं कसं? एरवी आवडणारा खाऊ त्याने घेतला नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. तोंड मिटलं, अंग ताठ झालं, नजर खिळली, तर शेवटची संधी आहे, लगेच मागे फिरा. ओठ चाटणं, जांभई देणं, मान वळवणं, ही त्याच्याही आधीची चिन्हं. मैदानाच्या कुंपणाबाहेर किंवा रुंद रस्त्याच्या पलीकडे उभं राहून सराव करा. वर्सोव्याला ओहोटीच्या वेळी जागा भरपूर मिळते, पण तिथे मोकळी कुत्रीही असतात, म्हणून सुरुवात तिथे नको.

आता क्रम, आणि इथे बहुतेक लोक गडबडतात. आधी कुत्रा दिसला पाहिजे, मग खाऊ आला पाहिजे. दुसरा कुत्रा दिसेनासा झाला की खाऊ बंद. उलटं केलंत, म्हणजे लांबून कुत्रा येताना बघून आधीच खाऊ पुढे केलात, तर काही दिवसांत पिशवीत हात गेला की तो ओळखतो, काहीतरी वाईट येतंय. पाव्हलोव्हकडेही आवाज आधी आणि खाणं नंतर होतं.

हे जमलं तर एक दिवस असा येतो, की समोर कुत्रा दिसल्यावर तो भुंकायच्या ऐवजी वळून तुमच्याकडे बघतो. 'कुठाय माझं?' अशी नजर असते. तेव्हाच अंतर कमी करायचं, एका वेळी एक रिक्षा. बिघडलं की पुन्हा मागे. वही ठेवा: तारीख, जागा, किती रिक्षा, काय झालं. याला आठवडे लागतात, काहींना महिने लागतात. एखाद्या दिवशी मोठा भडका उडाला, तर दुसऱ्या दिवशी सराव नको. शरीरातला ताण उतरायला वेळ लागतो. त्या दिवशी घरातच खाऊचे तुकडे लपवून हुंगून शोधायला लावा. नाकाच्या कामाने कुत्रा थकतोही आणि शांतही होतो.

बाकी व्यवस्थापन. लिफ्टचं दार उघडताच कुत्रा समोर, हा सगळ्यात वाईट प्रसंग. शक्य असेल तर जिना वापरा, नाहीतर दारापासून लांब उभे राहा आणि लिफ्ट रिकामी असेल तरच शिरा. सोसायटीच्या ग्रुपवर कुत्रेवाल्यांनी वेळा वाटून घ्याव्यात. वॉचमनला सांगून ठेवा. दिवाळीत फटाके, गणपतीत ढोल-ताशे, अशा दिवसांत अपेक्षाच कमी ठेवा. मे महिन्यात दुपारी डांबर तापतं आणि पंजे भाजतात. भाजलेल्या पायांनी कुणाचाच स्वभाव चांगला राहत नाही.

रस्त्यावरची कुत्री

इथपर्यंतचं बरंचसं परदेशी पुस्तकांतही मिळेल. पण तिथे समोरचा कुत्राही दोरीवर असतो. आपल्याकडे नाक्यावर चार मोकळी कुत्री बसलेली असतात, आणि ती उठून येतात.

त्यांची बाजू आधी समजून घेऊ. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला उचललं तिथेच परत सोडायचं असतं. कानाला खाच दिसली तर त्याचं ते झालेलं आहे. म्हणजे तो नाका त्याचा पत्ता आहे. २०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि देशभर वाद झाला, त्यात आज शिरत नाही. फिरवणाऱ्यासाठी व्यवहाराचा मुद्दा एवढाच, की आपण रोज दोनदा त्यांच्या अंगणातून एक परका प्राणी घेऊन जातो.

म्हणून नकाशा काढा. कुठल्या नाक्यावर किती, त्यांना खाऊ घालणारी मंडळी कधी येतात, पिल्लंवाली कुत्री कुठे आहे. खाण्याच्या वेळी आणि पिल्लांच्या जवळून जायचंच नाही. खाऊ घालणाऱ्यांशी ओळख करून घ्या, त्यांना प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव माहीत असतो. तरीही एखादा आलाच, तर पळू नका, ओरडू नका. आपल्या कुत्र्याला मागे घ्या, स्वतः मध्ये उभे राहा, आणि मूठभर खाऊ येणाऱ्या कुत्र्याच्या पुढ्यात जमिनीवर फेका. तो हुंगत बसला की वळसा घेऊन निघा. छत्री हे मुंबईतलं उत्तम साधन: उघडून मधे धरली की दोघांची नजर तुटते. मात्र छत्री उघडण्याची सवय आपल्या कुत्र्याला आधी घरी लावा, नाहीतर तोच आधी दचकेल.

भांडण जुंपलंच तर हात मध्ये घालू नका. बाटलीतलं पाणी, मोठा आवाज, मध्ये एखादा फळकुटाचा तुकडा. चावा किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी राजावाडी, कूपर अशा पालिकेच्या रुग्णालयात लशीसाठी जा. रेबीज एकदा दिसू लागला की त्यावर इलाज जवळजवळ नाहीच. आपल्या कुत्र्याची लस आणि पालिकेचा परवाना चालू आहे ना, तेही पाहा. आणि दुसऱ्याला इजा होणार नाही इतकी काळजी न घेतल्यास मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली कारवाई होऊ शकते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. दोरी आवश्यक आहे, या शहरात तिच्याशिवाय कुत्र्याला नेणं बेजबाबदारपणाच आहे. पण दोरी बांधताना आपण त्याचा पळून जायचा हक्क स्वतःकडे घेतो. घेतला, तर तो त्याच्या वतीने वापरायची जबाबदारीही आपली. तो घाबरला की वाट आपण काढायची. समोरच्या माणसाचंही तसंच: ज्या आजी तुमच्या कुत्र्याला बघून भिंतीला चिकटतात, त्यांनाही वाट द्यायची. "काही करत नाही हो तो" हे वाक्य त्यांच्या उपयोगाचं नाही. दहा पावलं लांबून जाणं उपयोगाचं आहे.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: एक प्रशिक्षक म्हणतात, झटक्याच्या पट्ट्याने आठवड्यात फरक पडेल. तुमच्या पद्धतीला महिने लागतात.

उत्तर: आठवड्यात आवाज बंद होईल, हे शक्य आहे. पण आतलं काय? दुखण्याच्या भीतीने गप्प बसलेला आणि निर्धास्त असलेला, दोघेही लांबून सारखेच दिसतात. प्रशिक्षक निवडताना एकच प्रश्न विचारा: माझ्या कुत्र्याने चूक केली तर तुम्ही नेमकं काय करणार? उत्तर गोलमाल असेल तर नमस्कार करून निघा.

प्रश्न: शेजारच्या कुत्र्याशी ओळख करून दिली तर प्रश्न सुटेल का?

उत्तर: नाकाला नाक लावून नाही. दोघांना एकाच दिशेने, रस्त्याच्या दोन बाजूंनी, समांतर चालवा. दोऱ्या सैल. रोज थोडं अंतर कमी. दोघं आपापलं हुंगत चालायला लागले म्हणजे झालं. मैत्री झालीच पाहिजे असं नाही. आपलीही प्रत्येक शेजाऱ्याशी कुठे असते?

प्रश्न: मी अडुसष्ट वर्षांची आहे. घरी एकटी. कुत्रा छत्तीस किलोचा. मागच्या महिन्यात मला त्याने पाडलं. मुलगी म्हणते देऊन टाक. काय करू, सर?

उत्तर: बाई, पहिली गोष्ट, आजपासून तुम्ही एकट्याने त्याला गर्दीच्या वेळी न्यायचं नाही. याला हार मानणं म्हणत नाहीत. सकाळ-संध्याकाळसाठी दोरी धरू शकेल असा माणूस ठेवा, पण त्याला हे सगळं समजावून; नाहीतर तो हिसके देईल आणि तुमची मेहनत वाया जाईल. पशुवैद्यांना भेटा. कधीकधी भीती कमी करणारी औषधं सरावाबरोबर देतात, त्यात कमीपणा नाही. टोपलीसारखं मुसकं, ज्याला दुकानात मझल म्हणतात, त्याची सवय खाऊ देत देत लावा. त्यातून त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आलं पाहिजे. तोंड आवळून बंद करणारं कापडी मुसकं आपल्या उकाड्यात घातक, कारण कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. घरात हुंगण्याचे खेळ वाढवा. तीन-चार महिने हे प्रामाणिकपणे करून बघा, वहीत लिहा.

त्यानंतरही जमलं नाही, तर त्याला देणं हे पाप नाही. मात्र कुणाला देता, तिथे जागा किती, दुसरी कुत्री आहेत का, हे स्वतः जाऊन बघा, आणि त्याचा स्वभाव लपवू नका. परत आणायची वेळ आली तर आणता येईल, असं ठरवून द्या. पण तुमच्या आवाजावरून मला वाटतंय की तुम्हाला तो ठेवायचा आहे. मग उद्या सकाळी हॉलमध्ये 'चल मागे'पासून सुरुवात करा, आणि महिन्याभराने वही घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.